दोन बंब

मराठींत 'बंब' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक बंब न्हाणीघरांत असतो. तांब्याचा, पोटांत विस्तव घेऊन पाणी तापविणारा. दुसरा बंब रस्त्यावरून घंटा वाजवीत धांवतो आणि आग विझवितो. पहिला घरच्या माणसांसाठीं, दुसरा परक्यांसाठीं. माझ्या वडिलांनीं जन्मभर ह्या दोन्ही बंबांची सेवा केली. आजचें माझें भाषण त्यांच्याविषयीं आहे.

१४ एप्रिल हा दिवस आपल्या देशांत अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. १९४४ सालीं ह्याच तारखेस मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत भयंकर स्फोट झाले आणि बंबखान्याचे ६६ लोक कर्तव्य बजावीत असतांना मृत्यु पावले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस. त्यांची थोरवी सांगण्याचा अधिकार माझ्यापेक्षां मोठ्या माणसांचा आहे. मी सांगणार आहें तें त्याच दिवशीं त्याच आगीकडे गेलेल्या, परंतु परत आलेल्या एका माणसाचें. त्यानें परत येऊन पुढें बावन्न वर्षें नेटका संसार केला. त्याचें नांव कोणत्याहि शिलेवर नाहीं, आणि मीहि तें येथें घेणार नाहीं. कारण त्यांना तें आवडलें नसतें. आम्ही मुलें त्यांना अण्णा म्हणत असूं.

मुलानें बापाचें वर्णन करावें ह्यांत थोडा संकोच आहेच. मी एक साधा शाळामास्तर. जुन्या अकरावीची परीक्षा देऊन शिक्षकी पत्करली आणि आतां निवृत्त होऊन बसलों आहें. वर्गांत मुलांना निबंध घालतांना 'माझा आवडता पुरुष' हा विषय मीं पुष्कळ वेळां घातला. स्वतः मात्र तो कधीं लिहिला नाहीं. आज तो लिहिण्यास बसलों, तेव्हां स्तुतीपेक्षां एक प्रश्नच पुढें येऊन उभा राहिला. जो माणूस आपल्या बायकामुलांवर जीव टाकतो, तो परक्याच्या आगींत कां शिरतो? आणि शिरला, तर घरच्यांपाशीं तो अपराधी ठरतो कीं काय? हा प्रश्न माझा नव्हे. तो माझ्या आईचा आहे, आणि तो तिनें १९४४ सालीं विचारला होता.

अण्णा मस्जिद बंदराजवळच्या एका धान्याच्या पेढीवर कारकून होते. बिऱ्हाड गिरगांवांतील एका चाळींत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचें. आम्ही चार भावंडें. थोरली बहीण १९४३ सालची आणि मी शेंडेफळ, १९५९ सालचा. पहांटे उठून न्हाणीचा बंब पेटविणें हें काम त्यांनीं कधीं आईला करूं दिलें नाहीं. आधीं राख काढावयाची, मग कोळसा घालावयाचा, मग पाणी भरलें आहे ना हें झांकण उघडून पाहावयाचें. कोरडा बंब पेटविला तर त्याचे सांधे सुटतात, हें ते आम्हांला दरवेळीं नव्यानें सांगत. जून महिना आला कीं चौघांच्या पुस्तकांना खाकी कागदाचीं वेष्टणें ते स्वतः घालीत आणि वर बाळबोध वळणानें नांवें लिहीत. खळ घरीं शिजवीत. खर्चाची वही रोज रात्रीं लिहिली जाई. त्या वहींत 'शाळेची फी', 'रॉकेल', 'आईचें औषध' ह्यांच्या खालीं क्वचित् 'चौपाटी, मुलें' असाहि एक आंकडा असे. आईला एकादशीचा उपास असला म्हणजे लहानग्याला भरविण्याचें काम त्यांचें. शेजारच्या बायका त्यावरून हंसत. अण्णाहि हंसत, पण घांस थांबत नसे.

ह्या बिऱ्हाडाच्या दाराबाहेर, व्हरांड्यांत, एक वाळूची बादली, एक पाण्याची बादली आणि एक गोणपाट असे. रात्रीं निजण्यापूर्वीं अण्णा त्या तिन्ही वस्तूंवर नजर टाकीत, शेगडीतले निखारे विझले कीं नाहीं तें पाहत, स्टोव्हची हवा सोडीत आणि मग अंथरुणावर पडत. स्टोव्हचा भडका झाला तर पाणी ओतावयाचें नाहीं, पाण्यानें पेटलेलें रॉकेल पसरतें. ओलें गोणपाट टाकून वारा तोडावयाचा. हा पाठ आम्हीं पाढ्यांच्या आधीं शिकलों. पुष्कळ वर्षेंपर्यंत माझी समजूत होती कीं वाळूची बादली प्रत्येक घरीं असतेच.

ती बादली आमच्या दारांत आली युद्धामुळें. १९४१च्या डिसेंबरांत जपान युद्धांत उतरलें, आणि ६ एप्रिल १९४२ रोजीं विशाखापट्टण व काकिनाडा येथें जपानी बाँब पडले. मुंबईस घबराट झाली. कित्येक कुटुंबें गांवीं निघून गेलीं. दिव्यांना काळीं आवरणें आलीं, खिडक्यांच्या कांचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटल्या. हवाई हल्ल्यापासून बचाव करण्यासाठीं जीं नागरिकांचीं पथकें उभीं राहिलीं, त्यांत आग विझविण्यास मदत करणारीं पथकेंहि होतीं. अण्णा तेव्हां चोवीस वर्षांचे होते. नुकतेंच लग्न झालेलें. पेढी सुटल्यावर आठवड्यांतून दोन संध्याकाळीं ते शिकावयास जाऊं लागले.

काय शिकवीत? बादलींत उभा करावयाचा, पायानें दाबून धरावयाचा हाताचा पंप. त्याला तीन माणसें लागतात : एक पंप मारणारा, एक पाणी आणून बादली भरीत राहणारा आणि एक नळीचें तोंड धरून आंत सरपटत जाणारा. सरपटत कां, तर धूर वर चढतो आणि श्वासापुरती हवा जमिनीलगत उरते. बंद दार उघडण्यापूर्वीं त्यावर हाताची पालथी बाजू लावून पाहावयाची. दार तापलेलें असेल तर पलीकडे आग आहे. खोलींत भिंतीच्या कडेनें जावयाचें, म्हणजे परत येण्याची वाट चुकत नाहीं. आणि कोणत्याहि घरांत शिरण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावयाचा, आंत माणसें किती? अण्णा म्हणत, "बाकी सगळं पंपाचं काम. हा प्रश्न तेवढा माणसाचा."

आतां १४ एप्रिल १९४४कडे येतों. 'फोर्ट स्टिकीन' हें सात हजार टनांचें मालवाहू जहाज १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदींत लागलें होतें. त्यांत सुमारें चौदाशें टन दारूगोळा व स्फोटक द्रव्यें होतीं. वाटेंत कराचीस त्यावर कापसाच्या हजारों गांठी चढविल्या होत्या. लांकूड, तेलाचीं पिंपें आणि सोन्याच्या विटाहि होत्या. स्फोटक माल असलेल्या जहाजानें लाल निशाण लावावें असा दंडक असतांना ह्या जहाजावर तें नव्हतें. शुक्रवारीं दुपारीं दोनच्या सुमारास दुसऱ्या कोठारांतून धूर दिसला. बंब आले. शेंकडों टन पाणी आंत सोडलें, पण कापसाची आग बाहेरून पाणी मारून विझत नाहीं. गांठ वरून थंड होते आणि आंतून धुमसत राहते. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला. बंबवाले तेव्हां जहाजापाशींच होते. चार वाजून चौतीस मिनिटांनीं दुसरा झाला, तो पहिल्याहून मोठा. सुमारें सतराशें किलोमीटर दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर ह्या हादऱ्याची नोंद झाली. शेजारचें 'जलपद्म' हें जहाज पाण्यांतून उचललें जाऊन धक्क्यावर आदळलें. जळत्या कापसाचे बोळे, लोखंडाचे तुकडे आणि पेटलेलें लांकूड मांडवीच्या वस्तींवर पावसासारखें पडलें. शहरांत शेंकडों माणसें मेलीं, हजारों जखमी झालीं.

अण्णा त्या वेळीं पेढीवर होते. पुढची हकीकत त्यांनीं मला एकदांच सांगितली, १९७५ सालीं, माझा अकरावीचा निकाल लागला त्या रात्रीं, व्हरांड्यांत त्या बादलीशेजारीं बसून. ती मी जशीच्या तशी सांगतों.

पहिल्या स्फोटानें पेढीचीं कवाडें निखळलीं, कांचा फुटल्या. मालकांनीं सर्वांना घरीं जाण्यास सांगितलें. अण्णा रस्त्यावर आले. पूर्वेकडे आभाळ काळें झालें होतें. पश्चिमेकडे गिरगांव, आणि तेथें वीस वर्षांची बायको व आठ महिन्यांची मुलगी. अण्णा पश्चिमेकडे निघाले. हें वाक्य सांगतांना ते थांबले. मग म्हणाले, "ऐकलंस ना? मी आधी घराकडे निघालो. पथकातला माणूस, शिकलेला माणूस, मी घराकडे निघालो."

काळबादेवीपर्यंत ते आले असतील नसतील तोंच दुसरा स्फोट झाला. पायांखालची जमीन हलली. लोक सैरावैरा पळूं लागले; जपानी आले, जपानी आले, असा ओरडा झाला. अण्णांनीं मागें वळून पाहिलें तों छपरांवर जळता कापूस पडत होता. ते तेथेंच उभे राहिले. किती वेळ, तें त्यांना सांगतां आलें नाहीं. मग ते मागें फिरले.

मीं विचारलें, "अण्णा, का फिरलात?"

ते म्हणाले, "लोकांनी विचारलं तर मी सांगतो की आग घरापासून लांब असतानाच थांबवावी लागते, दारात आल्यावर थांबत नाही. हे खरंही आहे. पण हे मागाहून सुचलेलं. त्या वेळी पाय वळले, इतकंच."

तीन दिवस आगी आटोक्यांत येत नव्हत्या. अण्णांचें पथक गोदींत गेलें नाहीं. तेथें जाण्याची त्यांची योग्यताहि नव्हती आणि साधनेंहि नव्हतीं. मांडवीच्या बाजूच्या लांकडी जिन्यांच्या घरांतून माणसें खालीं आणावयाचीं, छपरांवर पडलेला कापूस खालीं ओढून भिजवावयाचा, विझलेल्या गांठी पुन्हां पेटूं नयेत म्हणून त्या फोडून आंत पाणी घालावयाचें, हें त्यांचें काम. धान्याचीं कोठारें जळत होतीं. आदल्याच वर्षीं बंगालमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं होतीं, आणि येथें धान्याचा धूर होत होता. धान्याच्या पेढीवरच्या कारकुनाला त्या धुराचा वास निराळा लागला असला पाहिजे. त्याविषयीं ते इतकेंच म्हणाले, "तांदूळ जळताना भाकरी करपल्यासारखा वास येतो. घरचा वाटतो."

आणि घरीं? श्रोतेहो, ज्या नभोवाणीवरून मी आज बोलत आहें तिच्या संबंधानें एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. युद्धाचा काळ होता. बातमीवर सरकारी बंदी होती. जपान्यांच्या ताब्यांतील सायगांव नभोवाणीनें दुसऱ्याच दिवशीं ह्या स्फोटाची सविस्तर हकीकत सांगितली. परंतु आपल्याकडून बातमीदारांना ती बाहेर धाडण्याची मोकळीक मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत. म्हणजे माझ्या आईला कोणी कांहींहि सांगणारें नव्हतें. चाळींतलीं निम्मीं बिऱ्हाडें स्टेशनाकडे धांवलीं. तिलाहि चला म्हणाले. ती गेली नाहीं. कारण सकाळीं पेढीवर जातांना अण्णा नेहमीप्रमाणें दारांत म्हणाले होते, "येतो." आपल्याकडे 'जातों' म्हणूं नये, 'येतों' म्हणावें, ही रीत. त्या एका शब्दावर वीस वर्षांची ती मुलगी लेकराला मांडीवर घेऊन दोन रात्री जिन्यावरचीं पावलें मोजीत बसली.

अण्णा तिसऱ्या दिवशीं दुपारीं आले. भुवया जळलेल्या, धोतर काजळीनें काळें. आईनें पाणी तापवून दिलें, जेवूं घातलें, आणि मग विचारलें, "तुम्हांला काही झालं असतं, तर आमचं कोणी पाहिलं असतं?"

अण्णांनीं उत्तर दिलें नाहीं. आई आठ दिवस त्यांच्याशीं बोलली नाहीं. आठव्या दिवशीं ती म्हणाली, "सकाळी येतो म्हणून गेलात, ते तिसऱ्या दिवशी आलात. शब्द पाळलात, पण उशीर केलात. पुन्हा जायचं झालं, तर आधी मला सांगून जायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी उठवून सांगायचं." अण्णांनीं मान्य केलें. तो करार दोघांनीं जन्मभर पाळला. मध्यरात्रीं दारावर थाप पडली कीं आम्ही मुलें अर्धवट झोपेंत दोन शब्द ऐकत असूं. अण्णा म्हणत, "येतो." आई म्हणे, "या." पुढें दार लागे, आणि आई पहांटेपर्यंत निजत नसे.

दरवर्षीं १४ एप्रिलला अण्णा भायखळ्याच्या बंबखान्याकडे जात. हातांत फुलें असत. तेथें ते कोणाशीं बोलत नसत, पुढें जाऊन बसत नसत; फुलें ठेवून परत येत. एका वर्षीं मला बरोबर नेलें. मीं विचारलें, "तुम्ही पण ह्यांच्याबरोबर होतात ना?" ते जरा कठोरपणें म्हणाले, "नव्हतो. हे जहाजावर होते तेव्हा मी घराकडे चाललो होतो." त्या दिवशीं मला तें कळलें नाहीं. कळलें तें १९७५ सालीं. माणूस दोन ठिकाणीं ऋणी होऊन बसला होता. आईपाशीं, कारण तो मागें फिरला. आणि त्या ६६ जणांपाशीं, कारण तो आधीं घराकडे निघाला. दोन्ही ऋणें त्यानें कधीं एकमेकांत वळती करून घेतलीं नाहींत. पेढीवरचा कारकून तो; दोन खातीं निरनिराळीं ठेवण्याची त्याला संवय होती.

स्वयंसेवक म्हणून त्यांचा कोणी गौरव करूं लागला तर ते अस्वस्थ होत. म्हणत, "पगारी माणूस पैशासाठी जातो आणि आम्ही मनानं जातो, असं म्हणू नका. पगार हजेरीचा असतो. आगीत शिरण्याचा पगार कोणी देऊ शकत नाही. तिथे प्रत्येक माणूस स्वयंसेवकच." आणखी एका गोष्टीनें ते चिडत. त्या स्फोटांत सोन्याची वीट लांब एका घरांत जाऊन पडली, ही गोष्ट मुंबईंत पुष्कळांना ठाऊक आहे. कोणी ती रंगवून सांगूं लागला कीं अण्णा विचारीत, "वीट कुठे पडली ते ठाऊक आहे. माणसं किती पडली, ते ठाऊक आहे का?"

युद्ध संपलें. १९४६च्या डिसेंबरांत मुंबई प्रांतांत होमगार्डची संघटना निघाली. तींत ते कांहीं वर्षें होते. १९६२च्या चिनी आक्रमणानंतर नागरी संरक्षणाचीं पथकें पुन्हां उभीं राहिलीं, तेव्हां चव्वेचाळीसाव्या वर्षीं त्यांनीं पुन्हां नांव घातलें; अर्थात् आईला सांगून. १९६५ आणि १९७१च्या युद्धांतील काळोख्या रात्रीं चाळीच्या गच्चीवर पाण्याच्या बादल्या मांडणारा माणूस तोच. मी तेव्हां बारा वर्षांचा होतों. त्यांच्या मागें कंदील न पेटवितां जिना चढण्याची मला मोठी ऐट वाटे.

पण त्यांचें काम मीं डोळ्यांनीं पाहिलें तें युद्धांत नव्हे, आमच्याच चाळींत, १९७०च्या पावसाळ्यांत. दुसऱ्या मजल्यावर एका खोलींत स्टोव्ह भडकला आणि वळणीवरच्या कपड्यांनीं पेट घेतला. दुपारची वेळ. रविवार असल्यामुळें अण्णा घरीं होते. ते खालीं गेले तेव्हां व्हरांड्यांत धूर कोंडला होता आणि माणसें ओरडत होतीं. अण्णांनीं मोठ्यानें विचारलें, "आंत किती?" बाहेर आलेली बाई म्हणाली, "सगळी बाहेर आहोत." अण्णांनीं मोजलीं. पांच होतीं. ते म्हणाले, "तुमच्या कार्डावर सहा आहेत."

हें त्यांना ठाऊक असण्याचें कारण सांगतों. चाळींतल्या पुष्कळ लोकांना लिहितां येत नसे. शिधापत्रिकेचे अर्ज अण्णाच लिहून देत. कोणाच्या घरीं नवें मूल आलें, कोणाचा भाचा गांवाहून राहावयास आला, कोणाची आई वारली, हें सर्व त्यांच्या हातून कागदावर गेलेलें. सहावा माणूस म्हणजे त्या घरचा भाचा. गिरणींत रात्रपाळी करून तो सकाळीं येऊन पोटमाळ्यावर निजला होता. धूर वर चढतो. पोटमाळा म्हणजे सर्वांत वाईट जागा. अण्णांनीं गोणपाट बादलींत बुडवून डोक्यावर घेतलें, आणि तो बावन्न वर्षांचा कारकून भिंतीच्या कडेनें, पोटावर सरपटत आंत गेला. जिन्यांत उभी असलेली आई एक शब्दहि बोलली नाहीं. तिनें व्हरांड्यांतल्या नळाखालीं दुसरी बादली लावली. अण्णा बाहेर आले तेव्हां त्या मुलाला त्यांनीं बखोटीला धरून ओढून आणलें होतें. तो जगला. पुढें तो आमच्या घरीं दर दिवाळीला येत असे.

त्या दिवशीं मला एक गोष्ट दिसली. नीट कळावयास मात्र पुष्कळ वर्षें लागलीं. अण्णांनीं त्या मुलाला वांचविलें तें मोठ्या धाडसानें खरें. पण त्याच्या आधीं, शेजाऱ्यांच्या घरचीं माणसें मोजून ठेवण्याच्या संवयीनें वांचविलें. आणि ही संवय संसारी माणसाची आहे. रात्रीं निजण्यापूर्वीं आपलीं मुलें मोजणारा बापच शेजाऱ्याचीं मुलें मोजूं शकतो.

तथापि मी हें सारें गोड करून सांगणार नाहीं. १९७२ सालीं शाळेंत मला पहिलें बक्षीस मिळालें. समारंभाला येण्याचें अण्णांनीं कबूल केलें होतें. त्याच संध्याकाळीं कापसाच्या एका वखारीला आग लागली आणि बोलावणें आलें. "येतो," म्हणून ते गेले. मीं व्यासपीठावरून सारा समारंभ दाराकडे पाहण्यांत घालविला. रात्रीं ते आले तेव्हां मी निजल्याचें सोंग केलें. दुसऱ्या दिवशीं पेढीवर उशीरा जाण्याची परवानगी घेऊन ते शाळेंत आले, फळ्यावर लिहिलेलें माझें नांव त्यांनीं उभें राहून वाचलें, आणि शिपायाला विचारून तो फळा आणखी एक दिवस तसाच ठेवविला. माझा राग त्या दिवशीं गेला नाहीं. तो पुढें केव्हांतरी गेला. पण त्या रिकाम्या खुर्चीची आठवण अजून आहे. जो माणूस दुसऱ्यांसाठीं जातो, त्याच्या जाण्याची किंमत त्याच्या घरचीं माणसें देत असतात. ज्यांचें स्मारक आपण उभारतों त्यांच्या बायकामुलांचेंहि त्यांत देणें असतें, हें विसरूं नये.

निवृत्तीनंतर वाचनास वेळ मिळूं लागला, तेव्हां समजलें कीं अण्णांसारखीं माणसें जगांत पुष्कळ आहेत. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें १७३६ सालीं बेंजामिन फ्रँकलिननें शेजाऱ्यांना एकत्र करून आग विझविणारी मंडळी काढली; प्रत्येक सभासदानें आगीच्या वेळीं चामड्याच्या बादल्या आणावयाच्या, असा त्यांचा नियम होता. आजहि त्या देशांतील बहुसंख्य अग्निशामक स्वयंसेवकच आहेत. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत १८५१ सालीं वाल्पाराइसो बंदरीं असें दल निघालें, आणि त्या देशांत आग विझविण्याचें काम स्वयंसेवकच करीत आले आहेत. जर्मनींत गांवोगांवीं तीच रीत. दिवसा हे लोक सुतार, शिक्षक, दुकानदार. भोंगा वाजला कीं बंबावर. ह्यांतले बहुतेक बायकामुलांचे धनी. अण्णांना हें वाचून दाखवावयास मिळालें नाहीं, ह्याची मला रुखरुख वाटते. कदाचित् ते इतकेंच म्हणाले असते, "त्यांच्या बायका काय म्हणतात, ते लिहिलंय का?"

आईच्या प्रश्नाचें उत्तर अण्णांनीं शब्दांनीं कधीं दिलें नाहीं. मला वाटतें, त्यांनीं तें वागून दिलें. पहांटे पेटविलेला बंब, खळीनें चिकटविलेलीं वेष्टणें, खर्चाची वही, जागी करून घेतलेली अनुमति, हें तें उत्तर. तें पुरेसें होतें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार एका आईचाच. मीं तिला एकदां विचारलें. अण्णा गेल्यानंतरची गोष्ट. ती म्हणाली, "मला राग होता तो जाण्याचा नव्हे रे. न सांगता जाण्याचा. ते आग पाहून घरात बसले असते, तर मला ते दुसरेच कोणी वाटले असते."

१९९६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, अण्णा आजारी पडले. रुग्णालयांत नेतांना आम्ही त्यांना खुर्चींत बसवून व्हरांड्यांत आणलें. बादलीपाशीं त्यांनीं खुर्ची थांबवावयास लावली. वाळू ओली झाली होती; तिच्याकडे पाहून माझ्या भावाला म्हणाले, "बदल." मग दारांत उभ्या असलेल्या आईकडे पाहून म्हणाले, "येतो."

आई म्हणाली, "या."

त्या खेपेस मात्र ते आले नाहींत. वाळू आम्हीं त्याच दिवशीं बदलली होती.

श्रोतेहो, मास्तराच्या संवयीप्रमाणें शेवटीं थोडा गृहपाठ देतों. आज रात्रीं निजण्यापूर्वीं स्वयंपाकघरांतल्या गॅसची कळ बंद आहे कीं नाहीं तें पाहा. जिन्यांत ठेवलेलें अडगळीचें सामान बाजूला करा. आगीच्या वेळीं तीच वाट असते. अग्निशामक दलाचा १०१ हा आंकडा घरांतल्या लहानांना पाठ करवून घ्या. आणि आपल्या शेजारच्या घरांत माणसें किती, हें तुम्हांला ठाऊक आहे कीं नाहीं, तें स्वतःला विचारा. ठाऊक नसेल, तर उद्यां सकाळीं दार ठोठावून विचारून घ्या.